न्याहारीची घडण

सातारा,
आषाढ शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळ यास,

तुझे पत्र पोचले. वजन उतरविण्याचा निश्चय तू केलास याचा मला मनापासून संतोष वाटला. परंतु त्या निश्चयाचा पहिला वार तू सकाळच्या न्याहारीवर केलास, आणि बिनसाखरेचा चहा व दोन बिस्किटे एवढ्यावर कचेरी गाठावी, अकराच्या सुमारास पोटात कालवाकालव सुरू झाली की खालच्या गाडीवरून वडापाव मागवावा, आणि मग उरलेला दिवस स्वतःच्या मनोदौर्बल्याबद्दल खंत करीत घालवावा, असा जो क्रम तू प्रांजळपणे कळविला आहेस, तो वाचून तुला सविस्तर लिहिणे मला माझे कर्तव्य वाटले. तुझ्या मनोदौर्बल्याचा येथे काडीचा संबंध नाही. मैदा आणि साखर यांच्या दोन चकत्यांवर तरण्या माणसाचे शरीर सहा तास काम करू शकत नाही, आणि अकरा वाजता ते जो तगादा लावते तो सर्वस्वी रास्त असतो.

प्रथम एका समजुतीचा निकाल लावून टाकते. न्याहारी केल्यानेच वजन उतरते, किंवा न्याहारी चुकली की अंगावर मेद चढतो, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते त्याला भक्कम आधार नाही. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी या विषयावरील अनेक प्रयोगांचे एकत्रित परीक्षण करून २०१९ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा, की न्याहारी करणारे लोक दिवसाकाठी सुमारे २६० उष्मांक अधिकच घेतात, आणि ती टाळणाऱ्यांचे वजन त्यामुळे वाढलेले दिसत नाही. तेव्हा ज्याला सकाळी खरोखरच भूक नसते आणि जो दुपारच्या जेवणापर्यंत स्वस्थ चित्ताने काम करू शकतो, त्याने केवळ कोणी सांगितले म्हणून पोट भरून बाहेर पडण्याचे कारण नाही. तुझी गोष्ट तशी नाही. तू सातला घर सोडतोस, एक वाजल्यावाचून तुला जेवणाची सुट्टी मिळत नाही, आणि मधल्या वेळात तुला कडकडून भूक लागते. सबब तुझ्यापुरता प्रश्न न्याहारी करावी की न करावी हा नसून ती कशाची करावी हा आहे. माझे सांगणे एवढेच, की न्याहारी तोडण्याच्या मागे न लागता तिची घडण बदल. आज तिच्यात धान्य आणि तेल यांचा अंमल आहे. तेथे कडधान्य, अंडे, दही आणि भाजी यांचा अंमल होऊ दे, आणि धान्याला दुय्यम जागा दे.

तुझे वजन काट्यावर फारसे भरत नाही, केवळ पोट सुटले आहे, म्हणून मित्रमंडळी हा सारा मामला हसण्यावारी नेतात असे तू लिहितोस. तू मात्र तसे करू नकोस. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांच्या या देहप्रकृतीचा दीर्घ अभ्यास केला आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली, ज्यांत उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ असा अगदी सारखा, आणि तरीही देहातील मेदाचे प्रमाण यूडकिन यांचे ९.१ टक्के तर याज्ञिकांचे २१.२ टक्के होते. आपण दिसायला सडपातळ असूनही आत मेद बाळगून असतो याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही. म्हणून काट्यापेक्षा फितीवर अधिक विश्वास ठेव: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर माप घ्यावे, आणि ते पुरुषाच्या बाबतीत ९० सेंटिमीटरच्या व स्त्रीच्या बाबतीत ८० च्या पुढे गेले की सावध व्हावे, असा डॉक्टरांचा आपल्याकडील दंडक आहे. काटा एका दिवसात मीठ आणि पाणी यांच्यापायी पुढे-मागे होतो व माणसाला उगाच हर्षविषादाच्या फेऱ्यात अडकवितो. फीत तसे करीत नाही.

आता तृप्तीविषयी. पोट भरणे आणि पोट भरलेले राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला उमगले त्याला पथ्य जाचत नाही. १९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ सारख्याच उष्मांकांच्या मापाने, म्हणजे प्रत्येकी सुमारे २४०, लोकांना खाऊ घातले आणि पुढचे दोन तास त्यांच्या भुकेची नोंद ठेवली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले असता लोण्याचे पदर असलेल्या क्रोएसाँ नावाच्या पावाला अवघे ४७ गुण मिळाले, अंड्यांना १५० आणि ओटच्या लापशीला २०९; आणि सर्वांत वर, ३२३ गुणांनी, ज्याला पथ्यवाले उंबऱ्याबाहेर उभे करतात तो साधा उकडलेला बटाटा होता! याचा अर्थ उद्यापासून बटाटेच खा असा नव्हे. पाणी, तंतू आणि प्रथिने ज्यात भरपूर आणि स्निग्धांश ज्यात थोडा, असे अन्न तेवढ्याच उष्मांकांत अधिक वेळ तृप्ती देते, एवढाच त्याचा अर्थ. आणि तोच बटाटा डाळीच्या पिठात घोळून तेलात सोडला की ते सारे पुण्य कढईत राहते.

हे आपल्या कांदेपोह्यांना लावून पाहू, कारण पोहे सोडण्याचे फर्मान मी तुला काढणार नाही आणि काढले तरी तू ते पाळणार नाहीस. एका माणसाचे पोहे म्हणजे सुमारे ६० ग्रॅम कोरडे पोहे धर. त्यांचे २१० उष्मांक होतात. सढळ हाताच्या फोडणीत माणशी २० ग्रॅम तेल सहज जाते, आणि स्निग्ध पदार्थाच्या दर ग्रॅममागे नऊ उष्मांक या हिशेबाने त्याचे १८० होतात. वर मूठभर शेंगदाण्यांचे ८५. अशी ४७५ उष्मांकांची बशी रिकामी झाल्यावर प्रथिनांच्या खाती जेमतेम आठ ग्रॅम जमा होतात. आता हाच जमाखर्च उलटा मांड. पोहे ३० ग्रॅमच घे, आणि तितकीच कोरडी मटकी, जी मोड आल्यावर मोठी वाटीभर होते, एक वाफ देऊन त्यांत मिसळ. तेल मोजून एक लहान चमचा. दाणे आठ-दहा ग्रॅम. मटार किंवा किसलेले गाजर हवे तेवढे. वर लिंबू आणि शेजारी वाटीभर बिनसाखरेचे दही. बशी पूर्वीपेक्षा भरगच्च दिसेल, उष्मांक साडेतीनशेच्या आसपास राहतील, आणि प्रथिने चौदा ग्रॅमपर्यंत जातील. खोबरे आणि कोथिंबीर घाल. चिमूटभर ओल्या खोबऱ्याने कोणाचे पोट सुटत नाही, आणि बेचव अन्न पथ्य म्हणून फार दिवस कोणी खात नाही.

माझी खरी शिफारस मात्र मुगाच्या धिरड्याची आहे. रात्री निजण्यापूर्वी हिरवे सालीचे मूग, माणशी ६० ग्रॅम, भरपूर पाण्यात भिजत घाल. सकाळी पाणी काढून आले, हिरवी मिरची, जिरे व मीठ यांसह मिक्सरमधून काढ, परंतु पाणी अगदी बेताने घाल आणि पीठ किंचित रवाळ राहू दे. फार गुळगुळीत वाटलेले पीठ तव्याला चिकटते आणि नवख्या माणसाचा हिरमोड होतो. त्यात किसलेला दुधी पिळून घाल. तवा तापला की पाण्याचा शिंतोडा मार. थेंब चुरचुरत नाहीसे झाले की अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरव, मधोमध पळीभर पीठ घालून पळीच्या पाठीने बाहेर-बाहेर पसर, आणि झाकण ठेव. वरचा ओलेपणा गेला व कडा आपणहून सुटू लागल्या म्हणजेच उलट. तत्पूर्वी उलथने घालशील तर ते फाटेल. तांदूळ घातल्याने ते कुरकुरीत होते हे खरे, परंतु तुझ्या कामाला ते नको. अशी दोन धिरडी आणि वाटीभर दही यांचे उष्मांक तीनशेच्या आसपास आणि प्रथिने सतरा-अठरा ग्रॅम. मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकविताना इतक्या अल्प खर्चात इतके देणारा दुसरा पदार्थ मला वर्गात दाखविता आला नाही.

अंडी तुला चालतात, तेव्हा ज्या दिवशी मूग भिजवायचे राहिले त्या दिवशी दोन अंडी उकड. त्यांत साधारण बारा ग्रॅम प्रथिने आणि दीडशेच्या आत उष्मांक असतात, आणि सोबत ज्वारीची अर्धी-पाऊण भाकरी व काकडी-टोमॅटो घेतलेस तर एकपर्यंत काळजी नाही. थालीपीठ खा, परंतु पिठात कांदा, मेथी किंवा दुधी भाजणीच्या बरोबरीने घाल, मधल्या भोकांत तेलाची धार धरू नकोस, आणि लोण्याच्या गोळ्याऐवजी दही घे. नाचणीची ताकातली आंबील मला अतिशय प्रिय आहे, नाचणीइतके कॅल्शियम आपल्या दुसऱ्या धान्यांत नाही. परंतु ती पातळ असल्याने एकटी टिकत नाही, तिच्याजोडीला उसळ किंवा अंडे असावे. ओट विकत आणलेस तर हरकत नाही, मात्र मसाल्याची पुडी असलेले नकोत. मिसळीबद्दल तू संकोचाने विचारतोस. त्यातली उसळ ही न्याहारीच्या पदार्थांतली उत्तम चीज आहे. दोष फरसाणाचा, पावांचा आणि तर्रीचा आहे, तेव्हा उसळ, कांदा, लिंबू आणि दही एवढेच मागून घेण्याचे धैर्य दाखव.

सहा दिवसांनी एकादशी आहे, आणि उपवासाच्या नावाने साबुदाण्याची खिचडी होणार हे मी जाणून आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात ना प्रथिने ना तंतू, आणि त्याला तुपाची व दाण्याच्या कुटाची साथ मिळाली की बशीचा भार दोन वेळच्या न्याहारीएवढा होतो. उपवास मोडू नकोस. उकडलेले रताळे आणि दही, किंवा वरीचे तांदूळ व ताक, किंवा राजगिऱ्याच्या पिठाचे धिरडे कर. राजगिऱ्यात शेकडा तेरा-चौदा प्रथिने असतात, आणि विठ्ठलाची त्याला पूर्वीपासून मंजुरी आहे.

साखरेविषयी थोडक्यात. सकाळचा चहा तू बिनसाखरेचा केलास, परंतु कचेरीतले तीन पेले तसेच चालू आहेत. पेल्यामागे दोन चमचे म्हटले तरी २५ ते ३० ग्रॅम साखर झाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिवसभराच्या साखरेची जी इष्ट मर्यादा सुचविली ती साधारण २५ ग्रॅमच भरते. कॉर्नफ्लेक्स, मुसळी किंवा पथ्याची म्हणून विकली जाणारी बिस्किटे घेताना डब्याच्या दर्शनी बाजूवरचे आश्वासन वाचू नकोस, पाठीमागचा तक्ता वाच. आणि फळ चावून खा, त्याचा रस काढू नकोस.

वेळ नसतो ही तुझी तक्रार मला मान्य आहे, म्हणून तजवीज रविवारी संध्याकाळीच करून ठेव. मटकी भिजवून फडक्यात बांध. सध्याच्या दमट हवेत मोडांना वास लवकर धरतो, तेव्हा बोटाच्या पेराएवढे मोड येण्याची वाट न पाहता ते डोकावताच डबा फ्रीजमध्ये टाक, आणि तीन-चार दिवसांत संपव. सकाळी तुला फोडणीपुरतीच दहा मिनिटे लागतील. जेवताना मोबाईल दूर ठेव आणि घास चावून खा, कारण तृप्तीची वर्दी मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. तुझे पाहून दादाही न्याहारी बदलायला निघाला आहे असे वहिनींकडून कळले. त्याला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि अन्नाचे प्रमाण एकदम बदलले तर त्याच गोळ्यांनी साखर नको इतकी खाली जाऊ शकते. त्याने डॉक्टरांना विचारल्याखेरीज काहीही करू नये, हे तू माझ्या नावाने त्याला सांग.

पंधरा दिवस हे करून पाहा. रोज अकरा वाजता भूक लागली की नाही एवढेच टिपून ठेव, आणि महिन्याने कमरेचे माप घेऊन मला कळव. भाजणीचा डबा रवाना करीत आहे. या वेळी तिच्यात तांदूळ कमी करून हरभऱ्याची डाळ आणि उडीद वाढविले आहेत, म्हणून पीठ भिजवताना पाणी थोडे जास्त लागेल.

तुझी,
आत्या