मनोविकारतज्ज्ञांचे कामकाज आणि कार्यसमाधान

शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रियागृह लागते, क्ष-किरणतज्ज्ञाला यंत्र लागते. मनोविकारतज्ज्ञाचे मुख्य साधन म्हणजे रुग्णाशी होणारा संवाद, आणि संवादाला वेळ लागतो. नेमकी त्याचीच आपल्याकडे टंचाई आहे. दर लाख लोकसंख्येमागे ३ मनोविकारतज्ज्ञ असणे इष्ट मानले जाते. भारतातील प्रमाण सुमारे ०.७५ इतकेच नोंदले गेले आहे. सहा तासांत साठ रुग्ण तपासायचे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. तेवढ्यात औषध लिहून देता येते, रुग्णाचे ऐकून घेता येत नाही. म्हणूनच या पेशातील असमाधान केवळ श्रमांतून येत नाही. शिकलेली विद्या वापरता न येणे हे त्याचे मोठे कारण आहे.

या दृष्टीने बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेचा, म्हणजेच ‘निम्हान्स’चा, अभ्यास उपयुक्त ठरतो. म्हैसूर सरकारचे जुने मनोरुग्णालय आणि १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या विलीनीकरणातून २७ डिसेंबर १९७४ रोजी ती स्थापन झाली. येथे मनोविकारतज्ज्ञाच्या जोडीला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते आणि विशेष प्रशिक्षित परिचारिका असतात. जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञ मात्र पुष्कळदा एकटाच असतो. बाह्यरुग्ण विभाग, दिव्यांगत्वाची प्रमाणपत्रे, न्यायालयातील साक्ष, सारे त्याच्याच माथी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला हक्क दिले, हे योग्यच झाले. परंतु त्यासाठी लागणाऱ्या नोंदी ठेवायला मनुष्यबळ वाढवावे लागते, याचा विचार त्या प्रमाणात झालेला दिसत नाही.

यावर एक मार्ग निम्हान्सनेच १९८०च्या दशकात कर्नाटकातील बेल्लारी (आताचे बळ्ळारी) जिल्ह्यात आजमावला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांना व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन नेहमीचे रुग्ण तेथेच हाताळायचे आणि तज्ज्ञाने प्रशिक्षक व मार्गदर्शक व्हायचे, अशी ती रचना होती. १९९६ साली सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच नमुन्यावर बेतलेला आहे. तरीही निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचे आढळले.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा (क्रमांक १४४१६) सुरू झाली. तेथे प्रथम समुपदेशक बोलतात आणि गरजूंना पुढे पाठवतात. ज्या जिल्ह्यात एकच मनोविकारतज्ज्ञ आहे, तेथे असा रुग्ण अखेर त्याच्याच दाराशी रांगेत बसतो.