आधी मुलाला बघू द्या

मुलाच्या हाती प्रसिद्ध चित्रांचं पुस्तक आलं की आपण बहुतेक जण काय करतो? बोट ठेवतो आणि सांगतो, "ही मोनालिसा. लिओनार्दोनं काढली. पॅरिसला आहे." पान उलटतं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत सगळं पुस्तक संपतं.

घाई असतेच आपल्याला, पण त्यामागे एक भीतीही असते. चित्रातलं मला काय कळतं? यानं काही विचारलं आणि उत्तर आलं नाही तर? मला ही भीती चांगली ओळखीची आहे. म्हणून वाटतं, सुरुवात अशा चित्रापासून करावी, ज्यातलं मुलालाच आपल्याहून जास्त कळतं.

पीटर ब्रुगेल या फ्लेमिश चित्रकारानं १५६० साली 'मुलांचे खेळ' हे चित्र रंगवलं. आज ते व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. लाकडी फळीवरच्या या चित्राची उंची सव्वा मीटरसुद्धा नाही, पण त्यात २००हून जास्त मुलं आहेत आणि ८०च्या आसपास खेळ. मोबाइलवर नको, जमलं तर मोठ्या पडद्यावर उघडा. आणि थोडा वेळ काहीच बोलू नका.

हेच अवघड जातं. आपण गप्प बसलो की वेळ वाया चालल्यासारखा वाटतो. पण मुलाचे डोळे कामाला लागलेले असतात. डाव्या खालच्या कोपऱ्यात हाडांचे सागरगोटे चाललेत. कुणी पिंप घोडा करून बसलंय, कुणी काठीनं चाक पळवतंय. निळं कापड डोक्यावरून ओढून आंधळी कोशिंबीर रंगलीय. एक मूल तर चक्क काठीनं शी ढवळतंय! ते सापडलं की मुलं पोट धरून हसतात. "शी, असलं काय बघतोस!" आपल्या ओठांवर येतंच. हसू द्या त्यांना. ब्रुगेलनंही ते पाहिलं होतं, म्हणून तर रंगवलं.

शोधाशोध ओसरली की हळूच विचारा, "यातलं कोण हसतंय?" हसरा चेहरा सहज सापडत नाही. एवढे खेळ, आणि चेहरे असे गंभीर का? कुणी जाणकार म्हणतात, मुलांसाठी खेळ हेच खरं काम असतं, ते ब्रुगेलनं दाखवलं. कुणी म्हणतात, मोठ्यांचे व्यवहारही असेच पोरखेळ असतात, हे त्याला सुचवायचं होतं. आपलं मूल कदाचित एवढंच म्हणेल, "राज्य आल्यावर कोण हसतं?" मला हे उत्तर त्या दोन्हींइतकंच मोलाचं वाटतं.

डावीकडच्या एका घराच्या खिडकीत मुखवटा लावलेलं कुणीतरी आहे. "तो खाली खेळायला का नाही आला?" एवढंच विचारा आणि थांबा. "मधल्या सुट्टीत काय केलंस?" या प्रश्नाला रोज "काही नाही" म्हणणारं मूल इथे कदाचित बरंच बोलेल. बोलणं खिडकीतल्या मुलाविषयी असेल, पण कान देऊन ऐका. लगेच "तुलाही कुणी खेळायला घेत नाही का?" असं मात्र विचारू नका. ते आपणहून सांगेपर्यंत चित्राविषयीच बोलत राहू.

थोडं मोठं मूल असेल तर यान व्हान आइकचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी जोडप्याचं चित्र बघा. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मागच्या भिंतीवरच्या गोल आरशात दारात उभी असलेली आणखी दोन माणसं दिसतात. मुलांना ती स्वतःच सापडू द्या. झुंबरात भरदिवसा एकच मेणबत्ती का जळतेय, असं मुलानं विचारलं, तर बिनधास्त "मलाही माहीत नाही" म्हणा. अभ्यासकांचंही त्यावर एकमत झालेलं नाही. मग त्यालाच विचारा, "तुला काय वाटतं?"