गुण वाढले, पण व्रण भरला का?

नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधांत एक साचा पुन्हा पुन्हा भेटतो. ज्येष्ठांना माहितीपुस्तिका द्यायची, आधी आणि नंतर प्रश्नावली सोडवून घ्यायची, गुण वाढले असे लिहून मोकळे व्हायचे. गुण वाढतातच. पण अंथरुणाला खिळून आजोबांना झालेला व्रण भरला का, आजी पडायच्या थांबल्या का? ज्या सिस्टर-ब्रदरना हे मोजायचे आहे, त्यांच्यासाठी ही यादी.

काय करावे

• प्रश्न वॉर्डातल्या सवयीतून काढा. लंडनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने हेच केले. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या पाठीला काही ना काही चोळण्याची तेव्हा रीत होती. नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. १९६२ साली छापलेल्या त्यांच्या अहवालात चोळण्याच्या औषधांचा फायदा दिसला नाही. वरचेवर कूस बदलण्याचा दिसला. त्याच अभ्यासातून नॉर्टन मापनश्रेणी आली. शारीरिक स्थिती, मनाची स्थिती, हिंडणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा अशा पाच बाबी, प्रत्येकीला १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली तर व्रणाचा धोका. यंत्र लागत नाही.

• व्रणाची सुरुवात हाताने शोधा. पुस्तकातली पहिली खूण म्हणजे लाली, पण ती गोऱ्या कातडीवर दिसते. सावळ्या कातडीवर लपते. माकडहाड, खुबे, टाचा इथली ऊब, घट्टपणा, दुखरेपणा आजूबाजूच्या कातडीशी ताडून पाहा आणि तक्त्यात त्याला वेगळा रकाना ठेवा.

• डिस्चार्जनंतरही माग ठेवा. अमेरिकेत मेरी नेलर या परिचारिका-संशोधकाने १९९९ साली छापलेल्या अभ्यासात प्रशिक्षित परिचारिका ६५ वर्षांवरील रुग्णांना रुग्णालयात भेटल्या, मग घरीही गेल्या. २४ आठवड्यांत पुन्हा भरती व्हावे लागलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या सेवेत ३७ टक्के होते, या भेटी मिळालेल्यांत २० टक्के. आपल्याकडे अडचण वेगळीच: आजी पुण्याच्या मुलाकडून साताऱ्याच्या लेकीकडे जातात आणि अभ्यासातून निसटतात. दोन-तीन घरांचे नंबर पहिल्याच दिवशी घ्या.

• संमती आजींचीच घ्या. स्वतः समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाच्या वतीने मुलाने सही करणे चालत नाही. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर समजावून अंगठा घ्यावा. त्याआधी चष्मा आणि कानाचे यंत्र लावलेय ना, बघा.

• खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे, या चाचणीत सेकंदांबरोबर पायात काय होते तेही लिहा. घासलेली स्लीपर आणि अनवाणी पाय यांची वेळ एकत्र मिसळू नका.

काय टाळावे

• परदेशी चाचणीचे नुसते भाषांतर. १९७५ची प्रसिद्ध मिनी-मेंटल चाचणी वाक्य लिहायला सांगते, शंभरातून सात-सात वजा करायला लावते. शाळेची पायरी न चढलेल्या आजी त्यात नापास होतात आणि कागदावर स्मृतिभ्रंश उमटतो. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडमध्ये संशोधकांनी निरक्षरांनाही चालेल अशी हिंदी चाचणी बसवली. मराठीत वापरायची तर आपल्या गावांत पुन्हा पारखून घ्या. महिना विचारल्यावर ‘श्रावण’ हे उत्तर बरोबर धरायचे की नाही, ते आधीच ठरवा.

• उत्तरे सुनेकडून घेणे. ती शेजारी बसलेली असताना सासूबाईंना जेवणाबद्दल विचारणेही टाळा.

• ‘साठीच्या पुढचे’ असा एकच गट. ६२ आणि ८४ यांत एका पिढीचे अंतर आहे.

• हात बांधणे ही सुरक्षितता आहे असे गृहीत धरून अभ्यास आखणे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या लोइस एव्हन्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या परिचारिकांनी ही समजूत तपासायला घेतली. १९९७ सालच्या त्यांच्या अभ्यासात वृद्धनिवासांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण आणि तज्ज्ञ परिचारिकेचा सल्ला मिळाल्यावर बांधणे कमी झाले, पडून होणाऱ्या गंभीर इजा मात्र वाढल्या नाहीत. सलाइन ओढणाऱ्या आजोबांना लघवीला लागली आहे का, दुखतेय का, हे आधी नोंदवा.

• फक्त सकाळच्या ड्युटीत माहिती गोळा करणे. रात्री बाथरूमकडे निघालेला माणूस त्या तक्त्यात येतच नाही.

• पडल्याची नोंद करणाऱ्या सिस्टरला मेमो. एकदा मेमो निघाला की पुढच्या महिन्यात कोणी पडत नाही, निदान रजिस्टरमध्ये तरी. अभ्यासासाठी केलेल्या नोंदीवर कारवाई होणार नाही, असे मेट्रनकडून सुरुवातीलाच लेखी घ्या आणि ते पत्र नर्सिंग स्टेशनवर सगळ्यांना दिसेल असे लावा.