ध्रुवीय हिमातील प्लास्टिक
आर्क्टिक महासागराच्या काठी मनुष्यवस्ती विरळ आहे. तरीही तेथील हिमात प्लास्टिक सापडते. अटलांटिकचे प्रवाह तरंगता कचरा उत्तरेकडे बॅरेंट्स समुद्रापर्यंत वाहून नेतात. ऊन व लाटा यांमुळे त्याचे सूक्ष्म कण होतात आणि पाणी गोठताना ते हिमात अडकतात. जर्मनीतील आल्फ्रेड वेगेनर संस्थेच्या २०१८ मधील अभ्यासात एक लिटर समुद्रहिमात १२,००० पर्यंत कण आढळले. निम्म्याहून अधिक कण मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही लहान होते.

परंतु हिम ही या कणांची कायमची कोठडी नव्हे. ग्रीनलंडच्या पूर्वेकडील फ्राम सामुद्रधुनीतून दक्षिणेस वाहताना ते वितळते व कण पुन्हा मुक्त होतात. एवढे बारीक कण समुद्रातून वेचता येत नाहीत. म्हणून कचरा पाण्यात पडण्यापूर्वी अडविणे हाच खरा उपाय होय.