कांदळाच्या पानातील कवके

कांदळाचे हिरवे, निरोगी पान पाहून त्याच्या आत कवके नांदत असतील असे वाटत नाही. वनस्पतीला उघड इजा न करता तिच्या ऊतींत राहणाऱ्या अशा कवकांना अंतर्वासी कवके म्हणतात. पानाचा पृष्ठभाग निर्जंतुक करून त्याचे तुकडे पोषक आगरावर ठेवले, की त्यांतून बाहेर येणारे कवकतंतू आतलेच ठरतात. तमिळनाडूतील कांदळाची कोवळी, जून व पिकलेली पाने व्ही. कुमारेसन आणि टी. एस. सूर्यनारायणन यांनी तपासली. गळलेले पान कुजविण्यातही या कवकांचा वाटा असतो, असे त्यांच्या २००२ मधील अभ्यासावरून दिसते. कुजणाऱ्या पानांवर खाडीतील खेकडे व कोळंबी पोसली जातात. कोकणच्या खाड्यांतही कांदळ वाढतो. तेथे झाड तोडले, की त्याच्यासोबत हे अदृश्य कामकरीही नाहीसे होतात.