शंका-समाधान : अपडेट कधी करावं, कुणी करावं?

शंका : सुताच्या व्यापाराच्या आमच्या ऑफिसात आठ कॉम्प्युटर आहेत. एकदा अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला आणि दिवसभर बिलं निघाली नाहीत. तेव्हापासून अकाउंटंटनी सगळीकडचे अपडेट बंद करून ठेवलेत. ‘चालतंय ते चालू द्या’ म्हणतात. त्यांचं चुकतंय का? – एक वाचक, इचलकरंजी

समाधान : त्यांची तक्रार खरी आहे. २०२१च्या जुलैत विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत मोठी त्रुटी उघडकीला आली आणि ती बुजवायला आलेल्या पॅचेसमुळे पुढचे काही महिने कित्येक ऑफिसांतले नेटवर्क प्रिंटर अडले. पण म्हणून अपडेटच बंद करणं घातक आहे. पॅच जाहीर झाला, की त्रुटी नेमकी कुठे आहे हे हल्लेखोरांनाही कळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल ताडून ते फरक शोधतात आणि ज्यांनी पॅच टाकलेला नाही त्यांच्या मागे लागतात. म्हणजे पॅच आल्यानंतर त्याविना राहिलेलं मशीन आधीपेक्षा जास्त धोक्यात असतं. मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीवरचा पॅच १४ मार्च २०१७ला दिला. त्याच त्रुटीतून शिरणारा ‘वॉनाक्राय’ व्हायरस १२ मे रोजी पसरला. मधे जवळपास दोन महिने मिळाले होते, तरी सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांवर कॉम्प्युटर त्यात सापडले.

आता तुमच्यापुरतं. मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणून बुधवार धरा. हा बुधवार ९ ते १५ तारखेच्या मधे येतो, म्हणजे ऐन जीएसटीच्या धांदलीत. अकाउंटंट का वैतागतात ते इथे कळतं. तेव्हा बिलिंगचं मशीन पहिल्यांदा घेऊ नका. कमी महत्त्वाच्या एका कॉम्प्युटरवर बुधवारी अपडेट टाका, रिस्टार्ट करा आणि बिल, ई-वे बिल, बारकोड लेबल असं रोजचं सगळं छापून बघा. तीन दिवस नीट चाललं, तर शनिवारी संध्याकाळी बाकीची मशीन घ्या. त्याआधी टॅलीचा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर व्हायरस तीही गिळतो. एखाद्या त्रुटीचा गैरवापर सुरू झाल्याची सूचना ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेने दिली असेल, तर मात्र शनिवारची वाट बघू नका. आणि हे काम एका माणसाच्या नावावर टाका. सगळ्यांचं असलेलं काम कुणीच करत नाही.

शंका : आमच्या छोट्या हॉस्पिटलात एक्स-रे मशीनचा कॉम्प्युटर विंडोज ७वर आहे. कंपनीचा इंजिनिअर म्हणतो, त्याला हात लावलात तर वॉरंटी जाईल. – एक डॉक्टर, चिपळूण

समाधान : विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२०ला संपला. वॉनाक्रायने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला गाठलं, तेव्हा बाधित मशीनपैकी बहुतेक पॅच न केलेल्या विंडोज ७चीच होती, आणि रुग्णांच्या हजारो अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. तुम्हाला पॅच टाकता येत नसेल, तर त्या मशीनला एकटं पाडा. त्याचं इंटरनेट तोडा. रिसेप्शनच्या आणि पेशंटच्या वाय-फायपासून त्याचं नेटवर्क वेगळं करून घ्या. इमेज ज्या एका कॉम्प्युटरवर जातात, तेवढ्याच्याशी त्याचं बोलणं चालू ठेवा, बाकी सगळं बंद. पेन ड्राइव्ह तर अजिबात नको. पुढच्या वार्षिक देखभाल कराराच्या (एएमसी) वेळी नव्या सिस्टिमची तारीख कंपनीकडून लेखी मागा.

शंका : डिझाइनचं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं आहे. ते अपडेट कसं करायचं? – पुणे

समाधान : करता येणार नाही. काढून टाका. विकत घेणं परवडत नसेल, तर मोफत मिळणारा पर्याय शिका.

शंका : माझा कंटेनर वाहतुकीचा व्यवसाय आहे. २०१७मध्ये न्हावा-शेव्याचं एक टर्मिनल व्हायरसमुळे ठप्प झालं होतं. तो व्हायरस अपडेटमधूनच आला होता म्हणे. २०२४च्या जुलैतही एका अपडेटने विमानतळ अडवले. मग भरवसा कशाचा? – उरण

समाधान : ऐकलंत ते खरं आहे. ‘नॉटपेट्या’ २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, तिथून मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोचला आणि तिच्या ताब्यातलं न्हावा-शेव्याचं टर्मिनल थांबलं. शिरकाव अपडेटमधून झाला. फैलावाला मात्र मार्चमधल्या त्याच पॅचचा अभाव आणि चोरलेले अॅडमिन पासवर्ड कारणीभूत झाले. म्हणून नुसता पॅच पुरत नाही. रोजचं काम अॅडमिन लॉगिनने करू देऊ नका.

मर्स्कचं पुढे काय झालं ते तुम्ही मुद्दाम लक्षात ठेवा. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे तिचे जगभरचे सर्व्हर एकमेकांची नक्कल होते, त्यामुळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, घानातला. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून तो नेटवर्कबाहेर होता. त्याची डिस्क माणसांकरवी इंग्लंडला नेली आणि त्यावरून सगळं पुन्हा उभं केलं. तुमच्या बॅकअपची एक प्रत अशी तुटलेली असायलाच हवी, पण ठरवून.

२०२४चा प्रकार वेगळा. तो हल्ला नव्हता, सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल होती, आणि ती एकाच वेळी सगळीकडे गेल्याने सुमारे ८५ लाख मशीन कोसळली. ‘आधी एक मशीन, मग बाकीची’ हे इचलकरंजीच्या वाचकांना सांगितलं ते याचसाठी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये असे टप्पे ठरवण्याची सोय आहे, तिथे ती चालू करा.

पुढच्या अंकासाठी राउटर आणि सीसीटीव्हीबद्दलच्या शंका जरूर पाठवा. ही उपकरणं वर्षानुवर्षं अपडेटविना पडून असतात. मॉडेलचं नाव लिहा, पासवर्ड मात्र पत्रात लिहू नका.