बोथाटी आणि भालाईत स्वार

मराठ्यांच्या घोडदळाचे वर्णन आले, की स्वार शत्रूवर तुटून पडले, हे वाक्य ठरलेले असते. तुटून पडणे म्हणजे नेमके काय करणे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. भरधाव घोड्यावर, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात भाला घेऊन माणूस लढत तरी कसा असेल? या प्रश्नाचे उत्तर मला लढायांच्या वर्णनांपेक्षा बोथाटी या आपल्या जुन्या खेळात अधिक सापडले.

बोथाटी म्हणजे सुमारे आठ फूट लांबीचा हलका भाला. त्याला पाते नसते. टोकाला कापडाने मढविलेला गोळा असतो आणि तो रंगात बुडवितात. स्वारांनी एकमेकांवर चाल करायची. ज्याच्या अंगावर रंग उमटला त्याला वार लागला. ‘मला लागलेच नाही’ ही आपल्या मैदानांवरची नेहमीची तक्रार येथे चालत नाही!

या खेळातून पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की भाल्याचे बळ स्वाराच्या दंडात नसून घोड्याच्या धावेत असते. हाताने जोर करून भोसकू पाहिले तर टोक हलते आणि नेम चुकतो. दांडा अंगालगत घट्ट धरून टोक स्थिर राखले, की पुढचे काम घोडाच करतो. म्हणूनच थांबलेला भालाईत निम्मा निःशस्त्र होय. प्रतिस्पर्धी एकदा टोकाच्या आत शिरला, की आठ फुटी काठी अडचणच होते. तेथे तलवार हवी. वार लागो वा न लागो, स्वाराने न थांबता पार निघून जावे, लांबवर घोडा वळवावा आणि पुन्हा यावे. भाला उजव्या हाती, म्हणून डावी बाजू आणि पाठ दुबळी. शत्रूला होता होईल तो आपल्या उजवीकडे ठेवावे. दोघे मिळून एकावर जात असतील तर त्यांनी एकाच बाजूने जाऊ नये, कारण दांडे एकमेकांत अडकतात. फेकण्यासाठी ‘विटा’ हे निराळे शस्त्र होते. त्याच्या मागील टोकाची सुमारे पाच फुटांची दोरी मनगटाला बांधलेली असे, त्यामुळे फेकलेला विटा परत ओढून घेता येई.

‘माउंट अँड ब्लेड’ या संगणकावरील खेळातही काखेत धरलेल्या भाल्याचा जबर वार घोड्याने वेग घेतल्यावरच बसतो. खेळ रचणाऱ्यांनी एवढे अचूक हेरले आहे. मात्र त्या घोड्याला चंदी लागत नाही, आणि माझ्या मते खरा विषय येथेच सुरू होतो.

२८ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेड येथे बाजीरावाने निजामाला कोंडले, ते मोठी लढाई देऊन नव्हे. वेगाने हलता यावे म्हणून निजामाने अवजड तोफखाना मागे ठेवला होता. मराठी स्वारांनी त्याची रसद आणि पाणी तोडले आणि त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. अवघ्या तेहतीस वर्षांनी पानिपतावर हाच डाव अब्दालीने आपल्यावर उलटविला. १४ जानेवारी १७६१ रोजी रणात उतरलेली आपली जनावरे कित्येक दिवसांची उपाशी होती. जो घोडा धावू शकत नाही त्याच्यावरील भालाईत कितीही शूर असला तरी त्याचा भाला ही एक लांब काठीच. पानिपताची चर्चा आपण सेनापतींच्या स्वभावावर करतो. दाण्यावैरणीवर फार थोडी करतो.

शिवकाळात याची जाण पक्की होती. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस स्वारांमागे एक पखाली आणि एक नालबंद नेमलेला असे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदाराचा मात्र स्वतःचा असे. ऐन पेरणीत ज्याच्या दावणीचा बैल गेला आहे, त्याला शिलेदाराची स्थिती समजावून सांगावी लागणार नाही. घोडा पडला की त्याची चाकरीच धोक्यात येई. तेव्हा भाल्यांच्या भिंतीवर घोडा घालताना त्याने क्षणभर लगाम आखडला असेल, तर त्याला भित्रा म्हणण्यास मी तरी तयार नाही.